खेळ हातातून काढून घेतला तर

नदीवरच्या पुलाशी आलो तेव्हा लोरेटा पुन्हा म्हणाली, "मला काही तिचा हेवा वाटत नाही."

"वाटतो असं कोण म्हणतंय?"

"तू. न बोलता म्हणतेस. मघापासून."

शनिवारी आम्ही दोघी लांब चालायला जातो. बरबँकमधल्या आमच्या गल्लीतून निघायचं, क्युबन बेकरीतून बटाट्याचे गरम गोळे घ्यायचे, घोड्यांच्या वाटेने नदीकाठ धरायचा आणि पूल ओलांडून ग्रिफिथ पार्कची टेकडी चढायची. नदी म्हणजे सिमेंटचा रुंद पाट, त्यात पाण्यापेक्षा बगळेच जास्त. एरवी लोरेटा वाटेतल्या प्रत्येक घोड्याची विचारपूस करते. त्या दिवशी एक पांढरी घोडी अगदी अंगावरून गेली तरी हिने मान वर केली नाही. गोळ्यांची पिशवीसुद्धा तशीच बंद. तिच्या ऑफिसातल्या टेसचं काहीतरी झालंय, हे मी तिथेच ओळखलं.

लोरेटा क्विन माझी शेजारीण. वय साठीला टेकलेलं, केस स्वतःच्या हाताने कापलेले, एकटीच राहते. एका छोट्या कंपनीत कामाला आहे. व्हिडिओ गेम खेळायचे आणि त्यातल्या कोणत्यावर सिनेमा निघेल ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. कंपनीचा मालक हॉवर्ड दर उन्हाळ्यात त्यातला एकच गेम निवडतो आणि स्टुडिओवाल्यांकडे घेऊन जातो. नवीन ओळख होती तेव्हा मी विचारलं होतं, "म्हणजे तुला खेळायचा पगार मिळतो?" मी शाळेच्या स्वयंपाकघरात असते. ती म्हणाली, "आणि तुला काय, पिझ्झा खायचा पगार मिळतो?" तेव्हापासून आमचं जमलं.

तिचं बालपण बेकर्सफील्डला वडिलांच्या लाँड्रीत गेलं. नाणी टाकून लोकांनी आपापले कपडे धुवायचे, तसली लाँड्री. कोपऱ्यात गेमची दोन मशीन होती. साबणाचं खोकं उपडं घालून ही त्यावर उभी राहायची. कपडे वाळेपर्यंत गिऱ्हाईक खेळायचं, आणि ड्रायरची घंटा झाली की खेळ अर्धवट टाकून हिला म्हणायचं, "घे बाळ, पुढचं तू खेळ." काही माणसं कपडे घेऊन सरळ निघून जायची. काहींना राहवायचं नाही, ती हिला बाजूला सारून पुन्हा स्वतःच खेळायला लागायची. आणि एखादंच माणूस असं असायचं, की गरम कपड्यांचा ढीग पोटाशी धरून मागे उभं राहायचं. पुढे काय होतंय ते बघत, अगदी शेवटपर्यंत.

त्या तिसऱ्या माणसावर लोरेटाने पुढे आपली सगळी नोकरी उभी केली. खेळ ऐन रंगात आला की ती खेळणाऱ्याच्या हातातला कंट्रोलर काढून घेते आणि पुढे स्वतः खेळते. त्याने तो परत मागितला, तर तो गेम गेमच राहू द्यायचा. त्याची सगळी मजा हातात आहे. हात मोकळे झाल्यावरही माणूस पडद्याकडे बघत बसला, तर तिथे सिनेमा आहे.

मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच तिला मी लागते. संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावते, रामरक्षा म्हणते. ती होईपर्यंत लोरेटा मागच्या पायरीवर गुपचूप बसून असते. मग आत येते आणि माझ्या हातात कंट्रोलर देते. "चल कुंदा, आज गेममध्ये तू कुठे मरतेस ते बघू."

टेस ओकाम्पोला तिनेच या कामात तयार केलं. पोरगी हुशार आणि हसरी. तिचं हसू आधी खोलीत येतं आणि मग ती, असं लोरेटाच सांगायची. तेव्हा कौतुकाने, आता दात चावून.

"परवा मीटिंगमध्ये काय म्हणाली माहितीये?" टेकडीचा चढ लागला तशी लोरेटा बोलायला लागली. "सगळ्यांसमोर. म्हणे, कंट्रोलर काढून घ्यायची ही युक्ती मला लोरेटाने शिकवली."

"अगं, मग नाव घेतलं की तुझं!"

"तेच तर! नाव घेऊन मला फोटोतली आजी करून टाकलं. सगळ्यांनी माझ्याकडे कसं प्रेमाने बघितलं! आणि पुढच्या मिनिटाला हॉवर्ड तिला विचारतो, टेस, यंदा काय घ्यायचं? आधी मला विचारायचा."

"तिने मागच्या आठवड्यात तुला तो जांभळ्या कंदाचा पाव आणून दिला होता ना, तिच्या आईच्या हातचा?"

"दिला. मी कचऱ्यात टाकणार होते."

"मग?"

"खाल्ला. चांगला होता. म्हणून तर जास्त राग आला."

मला हसू आलं. ती हसली नाही. पुढे चालत राहिली, आणि खरी गोष्ट तिच्या तोंडून तुकड्यातुकड्याने बाहेर पडली.

यंदा हॉवर्डपुढे दोनच गेम उरले होते. एक लोरेटाचा: धरणाखाली बुडालेल्या गावात एक बाई पाणबुड्याचा पोशाख घालून उतरते आणि देवळाची घंटा शोधते. तो ती कित्येक वर्षं लावून धरत होती. दुसरा टेसचा: बर्फाने बंद पडलेल्या रस्त्यावर एक म्हातारी बर्फ काढायची गाडी चालवते आणि वाटेत अडकलेल्या माणसांना घरोघरी पोचवते. दोघींनी एकमेकींच्या गेमवर मत लिहायचं. टेसने घंटेच्या गेमला 'हो' लिहून केव्हाच दिलं होतं. लोरेटाचं मत सोमवारी द्यायचं होतं. तिने 'नाही' लिहिलं, तर टेसचा गेम बाद आणि तिची घंटा स्टुडिओत. 'हो' लिहिलं, तर हॉवर्ड टेसचाच निवडणार.

"मग, लिहिलंस?"

"नाही म्हणून लिहिलंय. अजून पाठवलं नाही."

"वाईट आहे का गेम?"

तिने वाटेतला एक दगड बुटाने उडवला. "मी खेळलेच नाही. दुसऱ्या कुणीतरी खेळलेला इंटरनेटवर होता, तो पळवत पळवत बघितला."

आमच्या स्वयंपाकघरात न चाखता आमटीला नावं ठेवावीत, तसं हे. तिच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही, हे तिनेच मला शिकवलं होतं. ज्याला हातच लावला नाही, ते हातातून काय काढून घेणार?

"मग ते 'नाही' लिहिलंस कशावरून?"

"तिच्या हसण्यावरून."

वरच्या बाकावर आम्ही टेकलो. खाली स्टुडिओंची लांबलचक पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती. तिने पिशवी उघडली, एक गोळा मला दिला, एक स्वतः घेतला आणि नुसता हातात धरून बसली.

"कुंदा, माझा घंटेचा गेम तू खेळलीस ते आठवतं?"

"आठवतं की. देवळाच्या पायऱ्या लागल्या आणि तू काढून घेतलास."

"आणि तू काय केलंस?"

मला आठवलं तसं मी सांगून टाकलं, "मी परत मागितला."

"मागितला? मनगट धरून ओढून घेतलास! म्हणालीस, देवळात तरी मला जाऊ दे." तिने गोळा दुसऱ्या हातात घेतला. "हॉवर्डला मी सांगितलं की तू बघत बसलीस. जो जो खेळला त्याने परत मागितला, आणि प्रत्येकाचं मी तेच सांगितलं. मी खेळत असताना मीसुद्धा कधी कुणाला काढून घेऊ दिला नाही. त्या पाण्यात मला स्वतःलाच उतरायचं असतं. सिनेमागृहात अंधारात बसून दुसरी कुणी उतरताना बघायचं... मला नाही जमायचं."

"म्हणजे तो सिनेमा नाही."

"नाही. आणि तिचाही नसावा, एवढंच मला हवंय. तिचा असला तर मग मी कोण?"

मी मनातल्या मनात रामाचं नाव घेतलं. दुसऱ्याचं बरं बघवत नाही तेव्हा माणसाला किती त्रास होतो, ते तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. गोळा तिच्या हातात थंड झाला होता.

मग तिने तो दोन घासांत संपवला, हात पँटला पुसले आणि उठली.

"टेसचा गेम माझ्या घरी आहे," ती म्हणाली. "आज संध्याकाळी तुझी रामरक्षा झाली की तू माझ्याकडे ये. आज मी खेळते. गाडी बर्फात अडकते ना, तिथे माझ्या हातातून कंट्रोलर काढून घे आणि पुढे तू चालव. आपटलीस, मेलीस तरी चालेल. मी परत मागेन, भांडेन, तुला नाही नाही ते बोलेन. ते ऐकू नकोस. माझे हात खोटं बोलतील. तू माझ्या डोळ्यांकडे बघ. ते पडद्यावरून हलले नाहीत, तर मला सांग. आणि मग मी त्या 'नाही'च्या जागी 'हो' लिहीपर्यंत माझ्या घरातून जाऊ नकोस."