गोपुराहून उंच

कुंभकोणमच्या लॉजच्या गच्चीवर मी रोज सकाळी कपडे वाळत घालायचो, तेव्हा शेजारच्या गच्चीवर एक तंजावरी मराठी माणूस पवनचक्की जुळवत असायचा. पिंपाच्या पत्र्याची उभी पाती होती आणि दांडा तोलून धरणारी, एकमेकांना ढकलणारी चुंबकं. मी मराठी आहे कळताच त्यानं दांड्याखालच्या फटीतून विड्याचं पान आरपार सरकवून दाखवलं.

"पाहा, कशासही टेकत नाहीं."

मग त्याच पानाला चुना लावून तोंडात टाकलं.

परवा त्याची गच्ची रिकामी दिसली, म्हणून खाली गेलो. चक्की मागच्या अंगणात होती. चारी बाजूंना भिंती, पातं हलत नव्हतं.

"गल्लींतल्या मोठ्यांनीं फोन करून सांगिटलें, देवळाच्या गोपुरापेक्षां उंच कांहीं नको."

"त्या बुटक्या गोपुरापेक्षा? आणि तुम्ही ऐकलंत?"

"पोरीचें लग्न त्याच देवळांत आहे. काय करूं?"

मी चिडून देवळामागच्या मोबाइल टॉवरकडे बोट केलं. गोपूर त्याच्या गुडघ्यालाही लागत नव्हतं.

"मग हा कसा चालतो?"

त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. चक्कीवर एक फुंकर मारली, ती फिरू लागली.

"तो नसता तर त्यांचा फोन कसा आला असता?"