पोचा पडलेलं ताट

माझी सासू माणसाचा राग त्याची बोटं हुंगून वळखायची. कुणी तणतणत दारात आलं की त्याला बसवायची, तांब्याभर पाणी द्यायची आन् म्हणायची, "हात बघू." हात पुढं केला की बोटं नाकाशी न्यायची आन् निकाल द्यायची. "खवट शेंगतेल. तरीच भावाच्या उरावर बसायला निघालास. दोन दिस ताक-भाकर खा, मंग वाटणीचं बोल." तिच्या गावात, बेंबळीत, समदी तिला जवसआत्या म्हणायची. म्या बी आत्याच म्हणायचो, जावई असून.

तिचं म्हणणं साधं व्हतं. "दिव्यात जसलं तेल, तसला उजेड. वाईट तेल घाला, नुसती काजळी धरतोय. माणसाचं काय येगळं हाय?" आन् रागीट माणसाला तिचा उपाय एकच, जवसाची चटणी, वरनं घाण्याच्या करडीच्या तेलाची धार. कुणाची सून रुसली, कुणाचं पोरगं मुकं मुकं राहाया लागलं, आत्या पदराखाली वाटी घिऊन हजर.

आता माझं सांगतो. शाळंची पायरी म्या एकदाच चढलो, भितीला चुना मारायला. कळंबला गोदामात हमाल व्हतो. पाठीवर पोतं आन् तोंडात चेष्टा. माझ्या बोलण्यावर बाजार हसायचा. पर दुष्काळ पडला, रानातली करडी रानातच जळाली, घाणा बंद पडला, घाण्याचा बैल बाजारला गेला. मंग सोसायटीत डालड्याचे डबे यायला लागले. रिकामा डबा हमालाचा. म्या त्यात कोपरापत्तुर हात घालून बोटानं खरवडायचो आन् लाल ज्वारीच्या भाकरीला फासून खायचो. हात डब्यात अडकून बसला म्हणून एकदा तसाच घरी गेलो, तर कुत्रीबी मागं लागली.

बाजाराला हसवणारा ह्यो गडी घरात मातूर येगळाच व्हता. भाकर जाड झाली की वरडायचा, पातळ झाली की वरडायचा. माझ्या पायताणाचा आवाज आला की माझी बायकू, मालन, चूल सोडून कोपऱ्यात सरायची. एक दिस तांब्या भिरकावला, तो तिच्या कानाला घासून गेला. तिनं कान पदरानं दाबला, यष्टीत बसली आन् माहेर गाठलं.

म्या आणाया गेलो. आत्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं बोटं हुंगली.

"डालडा. बापू, तुमच्या डोक्यात ह्यो गोठलाय. पोरीचा दोष न्हाय, तुमचाबी न्हाय."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! गुन्हा म्या केलेला आन् फाशी डब्याला.

नेमका धोंड्याचा म्हैना लागला व्हता. त्या म्हैन्यात जावयाला बोलावून तुपातलं गोडधोड एक येळ जेवू घालत्यात. आत्या म्हणाली, "लोकं एक जेवण घालत्यात, म्या म्हैनाभर घालते. पर माझ्या हातचंच खायाचं. म्हैनाभर ताट न आपटता जेवलात, तर पोरगी तुमच्या मागं धाडते."

शेजारचे जावई तूप वरपून गेले आन् म्या जवस चाटत बसलो. ते जवस कुठलं, ते मला ठाऊक व्हतं. गाडग्यात राख लावून पेरायला ठेवलेलं बी व्हतं ते. आत्या रोज मूठभर काढून भाजायची, वरनं बुधलीत राखलेल्या जुन्या करडीच्या तेलाची धार. म्या एकदा म्हणलो, "आत्या, पेरायचं काय मंग?"

"रान तर भेगाळलंय, बापू. तवर माणसात पेरते."

आन् खरं सांगतो, म्या निवलो. आता करडीच्या तेलानं म्हणा, का कुणीतरी रोज पुढ्यात बसून खाऊ घातलं त्यानं म्हणा. मालन आधी दारातनं ताट सरकवायची, मंग जवळ बसून वाढायला लागली. एक दिस माझ्या चेष्टेवर हसली बी. म्हैना सरत आला तवा तिनं लुगडी गाठोड्यात बांधलेली म्या बघितली.

त्याच आठवड्यात बाजारचा दिस आला. म्या तंबाकू आणाया गेलो. हाटेलात ताजी भजी निघत व्हती. पाय तिकडंच वळलं. बाकड्यावरचा एक गडी म्हणाला, "काय पाव्हणं, सासूनं पेंड चारायला दावणीला बांधलंय म्हणं?"

दुसरा म्हणाला, "दूध किती देताव?"

सारं हाटेल हसलं. गप बसंल तर म्या कसला? म्याच पुढं बोललो, "येळंला अर्धा शेर. पर धार सासूच काढती, बायकूला लाथ मारतो म्हणून." लोकं हसून हसून लोळली. भजी खात खात म्याबी हसलो. आन् घरी येस्तवर ते हसू आतल्या आत उकळाया लागलं.

आत्यानं ताट वाढून ठिवलं व्हतं. भाकर, कांदा, जवसाची चटणी. म्या बसलो आन् वरडलो, "म्या काय ढोर हाय का? रोज रोज पेंड!" आन् ताट उचलून भितीवर हाणलं.

ताट वाजत वाजत अंगणात गेलं. चटणी शेणानं सारवलेल्या भुईवर पसरली, आन् कोंबड्या पळत आल्या पेरायचं बी टिपायला. मालन दारात उभी व्हती. ती आत गेली. गाठोडं सोडल्याचा आवाज म्या ऐकला. कापडाला कसला आवाज म्हणाल, पर म्या ऐकला.

आत्यानं खाली वाकून भाकर उचलली, पदरानं पुसली. मंग माझा हात धरला. बोटं नाकाशी नेली न्हायती. नुसताच धरला.

"तेल तर म्या बदललं, बापू," ती हळूच म्हणाली. "आता तुमीच उरलाव."

तेवढ्यात आवाज ऐकून शेजारीण कुडावरनं डोकावली. "काय झालं वं जवसआत्या?"

आत्या मान वर करून म्हणाली, "काय न्हाय गं. बाजारच्या भज्याचं तेल बाधलं जावयाला. बिचाऱ्याचा काय दोष!"

तवा मला उमगलं. तिचा तेलावर इश्वास व्हता, खोटा नव्हता. पर त्या तेलाआड तिनं म्हैनाभर मला झाकलं व्हतं. तिच्या पोरीला बायकूमाऱ्याची बायकू म्हणू नये कुणी, म्हणून. आन् पुना झाकलं. म्या मान खाली घालून यष्टीला गेलो. कंडक्टर वळखीचा व्हता, म्हणाला, "एखादी चेष्टा हुंद्या की." म्या तिकीट घेतलं आन् पार मागल्या बाकड्यावर जाऊन बसलो.

पाऊस पडला तसा न बोलवता गेलो. आत्याचं रान नांगरलं, पेरलं. बी कुठनंतरी उसनं आणलं व्हतं तिनं. जेवायला बसलो तर पुढ्यात तेच ताट. जर्मलचं, काठाला ह्यो एवढा पोचा. कालवण त्या खळग्यात जाऊन साचायचं. आत्यानं भाकर वाढली, मालननं कालवण. म्या खाल्लं. सुगी झाल्यावर मालन माझ्यासंगं आली, आपल्या मनानं आली. त्याच्या पुढं जवा जवा बेंबळीला गेलो, तवा ताट तेच. आत्या गेली तवा मालनच्या भावजयांनी भांडी वाटून घेतली. मालननं तेवढं एक ताट मागून आणलं.

गेल्या धोंड्याच्या म्हैन्यात आमचा नवा जावई जेवाया आला. पोरगं भलं हाय, जरा तापट हाय. त्याला स्टीलचं ताट, तुपातलं धोंडं. मला पोचा पडलेलं, रोजच्यावाणी. त्यानं बघितलं आन् हसत इचारलं, "मामा, तुमच्या ताटाला काय झालं वं?"

मालन तेलाची वाटी घिऊन उभी व्हती. लेक दाराआड व्हती. माझ्या जिभंवर चेष्टा आली व्हती, चांगली आली व्हती. बैलानं तुडवलं म्हणणार व्हतो.

"मालन," म्या म्हणलो, "लेकीला बी हितं बसू दे."

आन् सांगितलं.