दार असलेला स्तूप

मामांचा फोन आला आणि मी गॅसवरचं दूध विसरले.

"सुमे, आपल्या राहू गावात स्तूप निघालाय! इटांचा, गोल गरगरीत! तू इतिहासाची मास्तरीण, येऊन बघ आन् सांग."

मला स्तूप म्हटलं की काय होतं ते घरच्यांना विचारा. दूध उतू गेलं, नवऱ्याने कपाळाला हात लावला, आणि मी स्कूटीवर बसून शिरूर सोडलंसुद्धा.

न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॉलीमागे अडकले. ट्रॉली वाट देईना, मी हॉर्न सोडेना. तेवढ्यात एक ऊस निसटून पुढ्यात आदळला. ब्रेक दाबला, हेल्मेट नाकावर आलं, तरी मी हसतच होते. भीमेच्या पुलावर तर मोठ्याने गात होते. अहो, का नाही गाणार? आमच्या भीमेकाठी स्तूप! बुद्धाची मूर्ती घडवायची चाल पडण्याआधी लोक स्तूपालाच वंदन करायचे. लेण्यांतल्या लेखांत दान देणाऱ्या सुतारांची, व्यापाऱ्यांची, भिक्षुणींची नावं सापडतात. तसं एखादं नाव राहूच्या मातीत निघालं तर?

राहूला पोहोचले तर जत्राच. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका टेकाडाला प्रदक्षिणा घालत होत्या, वर पंचशील ध्वज फडकत होता, आणि बांधाला जेसीबी मुकाट उभा होता. रान आप्पांचं, म्हणजे मामांच्या शेजारच्या बागायतदारांचं. ते सपाट करताना विटा लागल्या आणि मामा जेसीबीला आडवे गेले.

"तुमच्या मामांच्या शब्दावर थांबलोय," आप्पा म्हणाले. "समदं गाव हासतंय मला. आता तुम्हीच सांगा, बाई."

मामांनी मला बाजूला घेतलं. "स्तूप न्हाई निघाला तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाई मला, सुमे." म्हणताना डोळे मात्र लुकलुकत होते.

मीही चप्पल काढून प्रदक्षिणा घातली. गोल पाया, भाजलेल्या विटा, अगं बाई! अंगावर काटा आला. मग मामांनी खुरप्याने माती ओढली आणि ऐटीत म्हणाले, "आन् हे बघ. दार बी हाय!"

माझं अवसानच गळालं. स्तूप आतून भरीव असतो. मधोमध अस्थींचा करंडक, भोवती विटामातीची भर; आत जायला वाट नसतेच. मी वाकून त्या दारात हात घातला. काजळी, राख, उसाचं जळकं चिपाड. हे तर चुलवण (गुळाच्या काहिलीखालची मोठी भट्टी) होतं!

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. 'अजून उकरायला हवं' एवढं म्हणून सुटता आलं असतं. मामांनी माझा काळा हात पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. पण बोलले तेच. "तुला बघायला बोलावलंय ना? मग बघितलंस ते सांग."

"मामा, हे गुऱ्हाळ आहे."

मग आप्पांनी खाली बसकण मारली आणि असे हसले की टोपी पडली. "आयला! बा सांगायचा, आज्याचं गुऱ्हाळ व्हतं हितं कुठंतरी. त्याला परदक्षिणा घातली व्हय!" बायकांनी तोंडात पदर कोंबले. मामांनी आधी ध्वज उतरवला, त्याची नीट घडी घातली, आणि मग तेही पोट धरून हसले.

मामींनी सगळ्यांना शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या, झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या) वाढली. "मग खरा स्तूप कसा असतो गं?" मामांनी विचारलं. भाज्याच्या लेण्यांतले स्तूप सांगता सांगता माझी भाकरी गार झाली.

"टेम्पो माझा," आप्पा ताट पुसत म्हणाले. "रविवारी समदी भाज्याला चला, लेणी बघायला."

परतताना पुलावर पुन्हा गायले, जरा हळू. वाईट वाटत होतंच. मला तो स्तूप हवा होता. पण अख्ख्या गावासमोर 'बघितलंस ते सांग' म्हणणारे मामा माझे आहेत, या आनंदाने ऊर भरून आला होता. लेण्यांतल्या त्या नावांच्या ओळीत त्यांचं नाव शोभलं असतं.

घरी पोचते न पोचते तोच फोन.

"सुमे, टेम्पो भरला बघ. पन तिथं गेल्यावर आधी दार हाय का बघ. दार असंल तर मी न्हाई परदक्षिणा घालनार!"