रॅकवरचे ट्रे

अंबडच्या एका कारखान्यात ओव्हनच्या ट्रेंवर इनॅमलचा, म्हणजे काचेचा, थर चढवतात. तो माल तपासून तपासून माझे डोळे थकले आणि हौस तर कधीच संपली. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलीत, ती कशीबशी ढकलायची एवढंच डोक्यात असतं.

आमच्या भट्टीवर पेठकडचा एक माणूस होता. भट्टीतून निघालेले ट्रे दोन दिवस रॅकवर ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे, कारण खोट उशिरा उमटते. हा जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम रॅकपाशी डबा उघडायचा. काचेचा टवका उडाला की बारीक टिक् वाजतं, ते त्याला घास चावतानाही ऐकू यायचं. ट्रेंशी गप्पा झाल्या का, म्हणून आम्ही त्याला चिडवायचो.

एकदा रॅकभर टिकटिक सुरू झाली. ट्रेंवर माशाच्या खवल्यांएवढे टवके उडालेले. साहेबांना त्याच दिवशी कारण हवं होतं. मी रिपोर्टात लिहून टाकलं, भट्टीचं तापमान बिघडलं, ऑपरेटरचं दुर्लक्ष.

तो म्हणाला, "सायब, भट्टी बरोबर हाय. पत्रा दुसरा आलाय. लय गुळगुळीत हाय."

"गुळगुळीत असला तर चांगलंच की," मी म्हणालो. शहाणा ना मी!

त्याला भट्टीवरून काढून पत्रे धुवायच्या ॲसिडच्या हौदावर पाठवलं.

नव्या ऑपरेटरच्या हातूनही तेच झालं, तेव्हा मी पत्र्याच्या कॉइलसोबत, म्हणजे गुंडाळीसोबत, आलेला कागद काढला. आम्ही मागवतो त्या पोलादात मुद्दाम थोडं टायटॅनियम असतं. भाजताना पोलादात शिरलेला हायड्रोजन त्याच्या कणांपाशी अडकून राहतो. या पत्र्यात ते जवळजवळ नव्हतंच. गॅसला आत थारा नव्हता, म्हणून तो काच फोडून बाहेर येत होता. कॉइल पास केल्याची सही माझी होती, कागद न वाचता ठोकलेली.

पत्रा बदला, असं मी साहेबांना तोंडी सांगितलं. तो बदलला. सहीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. भट्टीवर नवा माणूस रुळला होता, रिपोर्ट कोणी पुन्हा उघडला नाही.

त्या पेठकडच्याला मात्र हौदापाशी एकट्याला गाठून खरं सांगितलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"तेवढं कागदावर लिवा, सायब," तो म्हणाला. "भट्टी परत नको. पण माझ्या हातून बिघडलं नाय, एवढं लिवा."

लिहितो म्हणालो. रोज उद्यावर ढकलत राहिलो. ते लिहायचं तर माझी चूकही लिहावी लागणार होती. खरं सांगतो, मी घाबरलो.

त्याच्या निरोपाच्या दिवशी शाल-नारळ घेऊन तो माझ्या टेबलापाशी आला. "लिवलं ना, सायब?"

"लिहिलं," मी म्हणालो.

त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. त्याची बोटं ॲसिडनं सोलवटली होती.

रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, होता तसाच. नवा पत्रा चांगला आहे, रॅकवर आता काही वाजत नाही. तरी मी डबा गेटबाहेर जाऊन खातो.