चुलीवरची चव

आईच्या छातीतली घरघर वाढली, तेव्हा रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तिला चुलीपुढे बसायचं नाही म्हणून बजावलं. इतक्या वर्षांच्या धुराने तिची फुफ्फुसं पार खराब झाली होती. घरात गॅस होताच, पण आईने तो मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या चहासाठी फडक्याने झाकून ठेवला होता. मी ते फडकं काढलं आणि पडवीतली चूल बंद केली.

गणपतीला भाऊ मुंबईहून आला. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "आई, चुलीवरची भाकरी कर ना. गॅसवरच्या भाकरीला ती चव नाही."

आई लगेच उठली. माझं डोकंच सणकलं. मी तिला खाली बसवलं आणि फुंकणी भावाच्या हातात दिली. "चव हवी ना? मग पेटव तूच."

पावसाने दमट झालेली लाकडं काही केल्या पेटेनात. पडवी धुराने भरली. भाऊ खोकत, डोळे चोळत बसला. आता तरी याला कळेल, असं मला वाटलं.

तेवढ्यात आई त्याच्याजवळ गेली आणि पदराने त्याचे डोळे पुसत म्हणाली, "ऊठ बाबा, धुराने डोळे जातील तुझे."

तो उठला. त्याच्या जागी ती बसली.