डुकरांची पावलेली जागा

निजामाच्या राज्यात नळदुर्गाजवळच्या वडारवस्तीत चन्नम्मा राहायची. सरकारी सडकेला खडी फोडून पोट भरायचं, आणि उरलेला जीव डुकरांत. ती सासरी आली तेव्हा आईनं सोबत एक मादी पिल्लू दिलं होतं, त्याच्यावरच सगळा कळप वाढला. आता लेक महादेवीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. घरचंच एक मादी पिल्लू लेकीच्या गाडीला बांधून द्यायचं, एवढी एकच हौस तिनं धरली होती.

आणि नेमकी त्याच साली पिल्लं अंग धरंनात. भादव्यात आठ झाली. पोटं नगाऱ्यासारखी, पाठीची हाडं मोजून घ्यावीत आणि सारखी ठसकायची. दिवाळीपर्यंत चार गेली. उरलेल्यांत मादी एकच. चन्नम्मानं पळसाच्या बिया सोलून, कुटून गुळात चारल्या. दुसऱ्या दिवशी वीतवीतभर पांढरे जंत पडले. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल, पण बाई हरखून गेली. पिल्लं खाऊ लागली. पुसाच्या महिन्यात बघते तर पोटं पुन्हा तटतटलेली.

डुकरांचं खोपटं दुसरीकडं हलवून बघावं म्हणाली, तर सासू तुळजाबाई आडवी आली.

"ही जागा पावलेली हाय. माझ्या सासूपासनं डुकरं हितंच नांदली. हलवलं तर बरकत जाईल."

झालं. म्हातारीपुढं कोण बोलणार?

पण आठांतलं एक मरतुकडं नर पिल्लू भावंडांनी आचळापासून ढकललेलं. त्याला चन्नम्मा पहिल्यापासून कामाला जाताना दगडाच्या खाणीवर नेऊन मुरमावर बांधायची, बकरीचं दूध नि भाकरीचा काला घालायची. तेच लेकाचं गुबगुबीत झालं होतं. एका दुपारी हातातला घण खाली ठेवून ती त्याच्याकडं बघत बसली. आई तीच, तिचं दूध तर याला कमीच, मग फरक कशाचा? पडलेले जंत गेले कुठं? त्याच चिखलात, आणि पिल्लं त्याच चिखलात तोंड खुपसून खातात. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण डोकं कसं चाललं बघा.

"औषध म्याच दिलं अन् रोगबी म्याच वाढला," ती स्वतःशीच म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिनं पिल्लांना घासून धुतलं, पुन्हा पळसबी दिली, आणि जंत पडून गेल्यावर त्यांना खाणीजवळच्या कोरड्या मुरमावर नवं खोपटं घातलं. त्यांची घाण रोज उचलून लांब खड्ड्यात. सासू चार दिवस बोलली नाही, जेवली मात्र पोटभर. होळीला मादीच्या अंगावर तुकतुकी आली. चन्नम्मा तिला बघून एकटीच हसायची.

वैशाखात लेकीच्या सासरी, उमरग्याकडं निघालेल्या गाडीच्या मागं ती मादी बांधली, चांगली भरलेली, गुरगुरत. एवढ्यात तुळजाबाई काठी टेकत पुढं आली आणि गाडी थांबवली.

"महादेवी, ही व्याली की जागा बदल. दर वेताला बदल. आईनं शिकवलंय तसंच कर." मग जरा थांबून म्हणाली, "माझी लई पिल्लं गेली गं त्या जुन्या जागी. म्या बरकत म्हणत राहिले, अन् पिल्लं पुरत राहिले."

गाडी हलली. चन्नम्मानं म्हातारीचा हात धरला आणि दोघी सावकाश खाणीजवळच्या नव्या खोपटाकडं निघाल्या.