जंतकाकू

मुलांनो, तिकडे बंगालात आमच्या डमडमच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादासाठी हात पुढे केला, की जंतकाकू आधी तो उलटा करून नखं बघत. तुमच्या आजोबांनाही सूट नव्हती. "साहेब, कुंड्यांतली माती घेऊनच मोदक खाणार का?" असं सगळ्यांदेखत विचारून त्यांना नळाकडे पिटाळलं होतं.

जंतकाकू हे नाव आम्हा मराठी बिऱ्हाडांनी ठेवलेलं, आणि त्यांना ते आवडायचं. त्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या डॉक्टर. बराकपूरच्या पलीकडच्या गावांत, शाळेत जंतांच्या गोळ्या द्यायच्या दिवशी त्या मदतीला जात आणि सोबतीला मला नेत. "पोटात पाहुणे बसले, की पोरांच्या ताटातलं पोरांना मिळत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा गोळीनंतर तिसरीतल्या टुंपाच्या पोटातून वीतभर जंत पडला. वर्गात कळलं, आणि मुलं नाकं धरून तिला चिडवू लागली. तिने शाळेत जाणंच सोडलं. आम्ही तिच्या घरी गेलो, तर तिची आई म्हणाली, "राहू दे, डॉक्टरदीदी. आता घरकामाला लागेल."

काकू तिथेच पायरीवर बसल्या. आमच्यामागून आलेल्या पोरांना जवळ बोलावलं आणि आपल्या मराठी वळणाच्या बंगालीत म्हणाल्या, "मलाही झाले होते. एवढाले!" दोन्ही हात पसरले. पोरं खिदळली. "हसा, हसा. हिचे पडले, ही मोकळी झाली. तुमचे अजून आत असतील."

हसू थांबलं. दाराआडून टुंपाने विचारलं, "तुम्हालाही मुलं हसली?"

"हसली तर! मग मोठी झाल्यावर माझ्याकडेच औषधाला यायची."

टुंपा आत गेली, ती दप्तर घेऊनच बाहेर आली.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "काकू, खरंच झाले होते?"

"आठवत नाही हो वहिनी. पण साताऱ्यात अनवाणी हुंदडले, मातीत पडलेली बोरं खाल्ली. नसतील कशावरून?"

पुढे काकू आपल्या मुलाकडे नाशिकला गेल्या आणि गेल्या हिवाळ्यात वारल्या. आमच्या शेवटच्या फोनमध्ये मी सांगितलं होतं, की टुंपा आता मोठ्या शाळेत जाते. त्यांनी वर्गातला नंबर विचारला नाही, मार्क विचारले नाहीत.

"खाल्लेलं अंगाला लागतंय ना तिच्या?"

"लागतंय. माझ्या खांद्याला आलीय."

"मग झालं," त्या म्हणाल्या.